क्लॅटचे उताऱ्यावरील प्रश्न: पर्याय निवडण्याआधी पुराव्याची ओळ कशी शोधायची

क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देणारी मुले उताऱ्यावरचा प्रश्न चुकवतात तेव्हा बहुतेकदा उतारा त्यांना कळलेला असतो. घोळ होतो तो त्यानंतर. चार पर्याय समोर येतात. एक शहाणपणाचा वाटतो, दुसऱ्यातली माहिती कालच वर्तमानपत्रात वाचलेली असते, आणि पेन तिकडे वळते. उताऱ्यात तसे नेमके कुठे म्हटले आहे, हे विचारायचे राहून जाते. न्यायालय रेकॉर्डवर नसलेला पुरावा विचारात घेत नाही. या परीक्षेत तुमचे रेकॉर्ड म्हणजे तो उतारा.

खालची पद्धत पदवीच्या क्लॅटसाठी लिहिली आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा पाच वर्षांचा प्रवेशही याच परीक्षेतून होतो. १२० मिनिटांत १२० प्रश्न, बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला ०.२५ वजा. उतारे सुमारे ४५० शब्दांपर्यंतचे असतात. म्हणजे वाचन धरून एका प्रश्नाला एक मिनिट. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. पर्याय आधी आणि पुरावा नंतर, हा उलटा क्रमच बहुतेक चुकांच्या मुळाशी असतो.

## पूर्वतयारी

साहित्य. ही परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कन्सॉर्टियमने (संघाने) दिलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि नमुना प्रश्नसंच घ्या. परीक्षा उताऱ्यांवर आधारित झाली ती २०२० पासून, त्यामुळे त्याआधीच्या प्रश्नपत्रिका या सरावाला उपयोगी नाहीत. क्लासच्या सराव परीक्षा वेग वाढवायला चालतात, पण त्यांतले पर्याय आणि उत्तरे कित्येकदा सैल असतात. पुरावा शोधायची सवय अधिकृत प्रश्नांवरच लावा.

सरावाची मांडणी. सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवा. उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्याला पेन्सिलीने क्रमांक द्या. उत्तर लिहिताना पर्यायाच्या अक्षरापुढे वाक्याचा क्रमांकही लिहा: "ब, वाक्य ५". क्रमांक लिहिता आला नाही तर ते उत्तर बरोबर आले तरी वहीत चूक म्हणून धरा. हा नियम कडक वाटेल. पण योगायोगाने बरोबर आलेले उत्तर पुढच्या वेळी हमखास दगा देते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी. क्लॅट इंग्रजीत असते. प्रत्येक वाक्य मनात मराठीत करत बसलात तर वेळ जातोच, पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. घाईच्या भाषांतरात 'मे', 'माइट', 'लाइकली', 'सम', 'मोस्ट' असे छोटे शब्द आधी गळतात, आणि कित्येक प्रश्नांचा निकाल याच शब्दांवर लागतो. आशय मराठीत समजून घ्यायला हरकत नाही, मात्र हे शब्द इंग्रजीतच डोळ्यासमोर ठेवा.

> इशारा: चालू घडामोडींचा विभागही उताऱ्यांवरच असतो, पण तिथे उतारा केवळ निमित्त असतो आणि उत्तर बरेचदा तुमच्या वाचनातून द्यावे लागते. पुराव्याच्या ओळीचा नियम इंग्रजी, कायदेविषयक आणि तार्किक विभागांचा आहे. एका विभागातली सवय दुसऱ्यात जाते आणि दोन्हीकडे गुण जातात. विभाग बदलला की क्षणभर थांबा.

## पायरी १: वाचताना तीनच खुणा

सगळा उतारा अधोरेखित करण्यात अर्थ नाही. तीन गोष्टींवर खूण करा.

पहिली, मत कोणाचे आहे. लेखकाचे, टीकाकारांचे, की "असे म्हटले जाते" या सदरातले? दुसरी, वळण कुठे आहे. 'बट', 'हाउएव्हर', 'येट' या शब्दांभोवती गोल करा, लेखकाचे खरे म्हणणे बहुधा त्यांच्यानंतर येते. तिसरी, विधानाचा जोर. शक्यता सांगितली आहे की खात्री, काहींबद्दल आहे की सगळ्यांबद्दल?

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक छोटा सराव उतारा घेऊ. परीक्षेत तो इंग्रजीत आणि याच्या तिप्पट-चौपट लांब असेल, पण सापळे हेच असतील.

> (१) न्यायालयातील सुनावणीचे थेट प्रक्षेपण झाले की न्यायव्यवस्था लोकांच्या जवळ येईल, असे म्हटले जाते. (२) त्यात तथ्य आहे. ज्याला दिल्लीला जाणे परवडत नाही, अशा पक्षकाराला आपल्या प्रकरणात काय चालले आहे हे घरबसल्या पाहता येते. (३) पण पाहता येणे वेगळे आणि समजणे वेगळे. (४) सुनावणी इंग्रजीत चालते आणि वकील ज्या कलमांचा आधार घेतात ती सामान्य माणसाला ठाऊक नसतात. (५) शिवाय तासन्‌तास चाललेल्या युक्तिवादातून काही सेकंदांचा तुकडा कापून समाजमाध्यमांवर फिरवला, तर न्यायाधीशांनी सहज विचारलेला प्रश्नही निकालासारखा भासू शकतो. (६) एवढ्यावरून काही टीकाकार प्रक्षेपणच बंद करा म्हणतात. (७) हा तर रोगापेक्षा जालीम उपाय झाला. (८) प्रक्षेपणासोबत त्या दिवसाच्या कामकाजाचा सोप्या भाषेतील गोषवारा प्रसिद्ध केला, तर गैरसमजाला बराच आळा बसेल.

खुणा अशा पडतील: वाक्य १ इतरांचे मत, वाक्य ६ टीकाकारांचे, बाकी लेखकाचे. वळण वाक्य ३ मध्ये आणि पुन्हा ७ मध्ये. जोराचे शब्द: "भासू शकतो", "काही टीकाकार", "बराच आळा".

> तपासणी: उतारा संपल्यावर लेखकाचे म्हणणे एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत सांगता येते का? इथे: प्रक्षेपण चांगले आहे, बंद करू नका, पण लोकांना समजेल अशी जोड द्या. हे जमत नसेल तर प्रश्नांकडे जाऊ नका. उताऱ्याचे पहिले आणि शेवटचे वाक्य आणि वळणाच्या जागा पुन्हा पाहा.

## पायरी २: प्रश्न कोणता पुरावा मागतो आहे ते ठरवा

सगळ्या प्रश्नांना एकाच प्रकारचा पुरावा लागत नाही. ही पायरी वगळणारे पुष्कळ भेटतात.

"उताऱ्यानुसार" विचारले असेल तर एक ठळक ओळ हवी. शब्द वेगळे असतील, अर्थ तोच असेल.

अनुमान विचारले असेल, म्हणजे 'इन्फर' किंवा 'इम्प्लाय' हे शब्द असतील, तर ओळ खरी मानल्यावर जे नाकारताच येत नाही तेवढेच उत्तर. अनुमान म्हणजे लेखक पुढे काय म्हणाला असता याची कल्पना नव्हे.

मुख्य मुद्दा किंवा लेखकाचा सूर विचारला असेल तर एक ओळ पुरत नाही. निदान दोन ठिकाणचा आधार हवा, आणि त्यांतली एक जागा वळणानंतरची हवी.

'इफ ट्रू' असे शब्द असतील, म्हणजे कोणते विधान युक्तिवाद बळकट करते किंवा कमकुवत करते असे विचारले असेल, तर पर्यायात उताऱ्याबाहेरची नवी माहिती असणारच. ती खरी मानायची असते. उतारा इथे दुसऱ्या कारणाने लागतो: ती नवी माहिती लेखकाच्या कोणत्या दुव्यावर घाव घालते किंवा कोणत्या दुव्याला टेकू देते, ते दाखवता आले पाहिजे.

या शेवटच्या प्रकारात प्रामाणिकपणे सराव केलेली मुलेच जास्त फसतात. "हे उताऱ्यात नाही" म्हणून बरोबर पर्याय खोडून टाकतात. आपल्या उताऱ्यावर असा प्रश्न समजा: पुढीलपैकी कोणते विधान लेखकाच्या सूचनेला सर्वांत कमकुवत करते? आणि एक पर्याय आहे, "समाजमाध्यमांवर तुकडे पाहणारे लोक मूळ गोषवारा उघडून वाचत नाहीत." ही माहिती उताऱ्यात कुठेही नाही. तरीही उत्तर हेच, कारण गोषवारा दिला की गैरसमज कमी होतील हा वाक्य ८ मधला दुवा तो तोडतो.

> इशारा: 'नॉट' आणि 'एक्सेप्ट' असलेल्या प्रश्नात तीन पर्यायांना पुरावा मिळतो आणि ज्याला मिळत नाही ते उत्तर असते. प्रश्नपुस्तिकेत त्या शब्दाभोवती चौकट करा आणि प्रत्येक पर्यायापुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहा. डोक्यात ठेवून केलेत तर दुसऱ्या पर्यायापर्यंत प्रश्न उलटा होतो.

## पायरी ३: पर्याय झाका, ओळीवर बोट ठेवा

प्रश्न वाचला की हाताने पर्याय झाका. उताऱ्यात परत जा, ओळ शोधा, आणि उत्तराचा सांगाडा मनात तयार करा. मग हात काढा.

याला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि सराव परीक्षेत मुले तीच वाचवायला जातात. पण पर्याय आधी वाचला की उतारा त्या पर्यायाच्या नजरेने वाचला जातो आणि नसलेला आधारही दिसू लागतो. वाचवलेले दहा सेकंद मग दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात मिनिटभराने परत जातात.

सापडलेल्या ओळीच्या आधीचे आणि नंतरचे वाक्यही वाचा. वाक्य ६ एकटे वाचले तर प्रक्षेपण बंद करावे हे उताऱ्याचेच मत वाटेल. वाक्य ७ वाचले की ते लेखकाने फेटाळले आहे हे कळते.

## पायरी ४: पर्यायाचे तुकडे करून तपासा

पर्याय अखंड वाचून "बरोबर वाटतो" म्हणू नका. कर्ता कोण, दावा काय, आणि जोर किती, असे तीन तुकडे करा. एक तुकडा जरी उताऱ्याशी जुळला नाही तरी अख्खा पर्याय गेला. ऐंशी टक्के बरोबर असलेला पर्याय शंभर टक्के चूक असतो.

प्रश्न: उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?

अ) थेट प्रक्षेपणामुळे न्यायव्यवस्थेबद्दल गैरसमज पसरतात.
ब) थेट प्रक्षेपण उपयुक्त आहे, मात्र ते समजण्याजोगे करण्यासाठी पूरक व्यवस्था हवी.
क) सुनावणी प्रादेशिक भाषांत झाली तरच न्याय लोकांपर्यंत पोहोचेल.
ड) थेट प्रक्षेपणाला अनुकूल असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय योग्य होता.

'अ' ला वाक्य ५ चा आधार आहे, पण तो उताऱ्याचा एक भाग झाला, मुद्दा नव्हे. शिवाय "भासू शकतो" चे "पसरतात" झाले आहे. 'क' मध्ये वाक्य ४ मधली इंग्रजीची अडचण उचलली, पण प्रादेशिक भाषांचा उपाय लेखकाने सुचवलेलाच नाही, आणि "तरच" तर कुठेच नाही. मराठी वाचकाला तो मनापासून पटेल, म्हणूनच तो धोक्याचा.

'ड' वर थोडे थांबू. २०१८ मध्ये स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला अनुकूल निकाल दिला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये घटनापीठांच्या सुनावण्यांचे प्रक्षेपण सुरू झाले. ज्याने हे वाचले आहे त्याला 'ड' ओळखीचा वाटतो, विधान खरेही वाटते. पण उताऱ्यात त्या निर्णयाचा शब्दही नाही. जगात खरे असलेले विधान उताऱ्यासाठी चुकीचे उत्तर असू शकते. चांगले सामान्यज्ञान असलेल्या मुलांचे गुण इथेच जातात.

उत्तर 'ब'. आधार: वाक्य २, ३, ७ आणि ८.

आता अनुमानाचा प्रश्न. उताऱ्यावरून कोणते अनुमान काढता येईल?

अ) समाजमाध्यमांवर फिरणारे बहुतेक तुकडे दिशाभूल करणारे असतात.
ब) गोषवारा प्रसिद्ध झाला तर गैरसमज उरणार नाहीत.
क) इंग्रजी जाणणाऱ्याला सुनावणी पूर्णपणे समजते.
ड) सुनावणीत न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न म्हणजे त्यांचा निर्णय असे लेखक मानत नाही.

'अ' मध्ये "बहुतेक" हा आकडा आला कुठून? वाक्य ५ फक्त असे घडू शकते म्हणते. 'ब' ने "बराच आळा" ताणून संपूर्ण केला. 'क' उलटी उडी आहे: इंग्रजीमुळे अडते म्हणजे इंग्रजी आले की सगळे सुटते असे नाही, वाक्य ४ मध्येच कलमांची दुसरी अडचण सांगितली आहे. 'ड' वाचायला अगदी साधा आहे, म्हणून मुले त्याच्यावरून पुढे जातात. पण "निकालासारखा भासू शकतो" यात तो निकाल नसतो हे आलेच.

> तपासणी: पर्यायातले 'ऑलवेज', 'ओन्ली', 'नेव्हर', 'ऑल' हे शब्द दिसताच तो आपोआप खोडू नका. उताऱ्यातही तेवढाच जोर असेल तर तो बरोबर असतो. जोर जुळवायचा, शब्दाला घाबरायचे नाही.

## पायरी ५: शेवटच्या दोघांतला निवाडा

दोन पर्याय उरले की ते दोन्ही पुन्हा पुन्हा वाचू नका. दोघांत फरक करणारा शब्द शोधा आणि तेवढाच घेऊन उताऱ्यात जा. "काही" विरुद्ध "बहुतेक", "कारणीभूत ठरते" विरुद्ध "सोबत आढळते", "लेखक" विरुद्ध "टीकाकार": फरक असाच बारीक असतो.

तरी अडले तर अनुमानाच्या प्रश्नात सौम्य विधान घ्या, कारण त्याला कमी पुरावा लागतो. 'इफ ट्रू' प्रश्नात मात्र उलट: तिथे जोरदार विधानच युक्तिवाद अधिक हलवते.

सुराच्या प्रश्नात दोन टोके आधी पाहा. आपल्या उताऱ्यातील लेखकाचा टीकाकारांबद्दलचा दृष्टिकोन "संपूर्ण विरोध" की "काळजी मान्य, उपाय अमान्य"? वाक्य ७ एकटे पाहिले तर पहिला पर्याय मोह घालतो. पण तुकडे कापून फिरवण्याची भीती वाक्य ५ मध्ये लेखकाने स्वतःच मांडली आहे. म्हणून दुसरा.

## पायरी ६: कायदेविषयक उताऱ्यात तत्त्व उताऱ्यातलेच

या विभागात २८ ते ३२ प्रश्न असतात, आणि कायद्याची पूर्वमाहिती अपेक्षित नसते. घरात वकील असलेल्या किंवा कायद्याची पुस्तके आधीच चाळलेल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

समजा सराव उताऱ्यात तत्त्व दिले आहे: अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार ती सज्ञान झाल्यावर कायम ठेवू शकते किंवा रद्द करू शकते. प्रश्नात १७ वर्षांच्या मुलाने हप्त्यावर सायकल घेतली आणि १८ पूर्ण झाल्यावर तो करार कायम ठेवू इच्छितो. भारतातला प्रत्यक्ष कायदा वेगळा आहे. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या १९०३ च्या प्रकरणापासून अल्पवयीनाचा करार मुळातच निरर्थक मानला जातो, आणि सज्ञान झाल्यावर त्याला मान्यता देता येत नाही. तरीही या प्रश्नाचे उत्तर "कायम ठेवता येईल" हेच.

क्रम असा ठेवा: तत्त्वाच्या अटी मोजा, अपवादाच्या शब्दांवर ('अनलेस', 'प्रोव्हायडेड दॅट') खूण करा, मग एकेक अट दिलेल्या घटनेशी जुळवा. एक जरी अट पूर्ण होत नसेल तर तत्त्व लागू नाही. घटनेत स्वतःची भर घालू नका. मुलाने वय लपवले असेल, दुकानदाराला ठाऊक असेल, असले काही लिहिलेले नसेल तर ते घडलेच नाही. आणि कोणाची दया येते, यावर निकाल देऊ नका.

पर्यायात निष्कर्ष आणि कारण दोन्ही असतील तर कारण आधी तपासा. निष्कर्ष बरोबर, पण कारण उताऱ्याबाहेरचे, असा पर्याय हमखास ठेवलेला असतो.

## पायरी ७: सोडायचे की अंदाज करायचा

चारही पर्याय सारखेच अंधारात असतील तर अंदाजाचा सरासरी फायदा प्रश्नामागे ०.०६ गुणांच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास शून्य. तिथे वेळ घालवू नका. एक पर्याय पुराव्यानिशी खोडता आला तर हा फायदा सुमारे ०.१७, आणि दोन खोडता आले तर ०.३७५ होतो. दोन खोडल्यावर प्रश्न कोरा सोडणे मला पटत नाही. "पुराव्यानिशी" हा शब्द मात्र गाळू नका. नुसता नावडलेला पर्याय खोडला तर हे गणित लागू पडत नाही.

ज्यांना महाराष्ट्राची विधी सीईटी (राज्याची कायदा प्रवेश परीक्षा) द्यायची आहे त्यांना तिथे चुकीला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठी एलसॅट देणाऱ्यांनाही हेच. तिथे आकलनाच्या विभागात ३५ मिनिटांत चार संच असतात, त्यांतला एक दोन उताऱ्यांच्या जोडीचा, आणि पर्याय पाच. जोडीच्या उताऱ्यात पायरी १ मधली "मत कोणाचे" ही खूण दुप्पट महत्त्वाची ठरते.

> तपासणी: क्लॅट कागदावर होते. एका उताऱ्याचे सगळे प्रश्न झाले की लगेच त्यांची वर्तुळे ओएमआर उत्तरपत्रिकेवर भरा, आणि सोडलेल्या प्रश्नाचा क्रमांक पुस्तिकेत ठळक लिहा. एक ओळ सरकली तर पुढचे सगळे सरकते.

## पायरी ८: चुकांची वही

प्रत्येक चुकीपुढे चारच गोष्टी लिहा: निवडलेला पर्याय, बरोबर पर्याय, पुराव्याच्या वाक्याचा क्रमांक, आणि सापळ्याचा प्रकार. प्रकार वर आलेलेच: जोर वाढवला, भागाला मुद्दा मानले, बाहेरची माहिती, उलटी उडी, दुसऱ्याचे मत लेखकाच्या तोंडी, प्रश्नाचा प्रकार चुकला. "दुर्लक्ष झाले" असे कारण लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही.

आठवड्याच्या शेवटी कोणता सापळा सर्वांत जास्त वेळा आला ते मोजा आणि पुढच्या आठवड्यात फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवा. सगळ्या चुका एकदम सुधारायला गेलात तर एकही सुधारत नाही.

अधिकृत उत्तर पटले नाही तर लगेच वाद घालू नका, लगेच मानही डोलावू नका. दोन्ही पर्यायांच्या बाजूने उताऱ्यातली वाक्ये समोरासमोर लिहा. बहुतेक वेळा उत्तरसूची बरोबर निघते. पण ती अचूकच असते असे नाही: १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या क्लॅट २०२५ ची उत्तरसूची दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि काही प्रश्नांबाबत आक्षेप मान्यही झाले. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची येते, तेव्हा आक्षेप नोंदवायला मुदत थोडी असते. त्या वेळी "मला असे वाटते" चालत नाही, उताऱ्यातली ओळ दाखवावी लागते.

घड्याळ लावायचे ते सलग काही उताऱ्यांत प्रत्येक उत्तरापुढे क्रमांक लिहिता येऊ लागल्यावर. आधी पाच प्रश्नांच्या उताऱ्याला आठ मिनिटे द्या, मग सात, मग सहा. सहावर स्थिरावलात की वाक्यांना क्रमांक देणे थांबवा आणि ओळीवर नुसते बोट ठेवून पाचवर या. वेळ कमी केल्यावर क्रमांक चुकू लागले तर एक पायरी मागे या. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नव्या सराव परीक्षांची संख्या कमी करा आणि वहीतले जुने चुकलेले प्रश्न पर्याय झाकून पुन्हा सोडवा.